गाण्याचा घाट कोणी ठरवावा?

पोवाडा रंगात आला म्हणजे शाहीर एक चौक संपवितो आणि मागे उभे असलेले झीलकरी झील धरतात. तेवढ्या अवकाशात शाहिरास श्वास घेण्याची उसंत मिळते आणि नुकताच वर्णिलेला प्रसंग श्रोत्यांच्या मनात मुरतो. भजनात पालुपद पुनःपुन्हा येते, ते सर्वांना एकत्र म्हणता यावे म्हणून. आधी काय, नंतर काय, काय फिरून यावयाचे आणि कोठे थांबावयाचे, या योजनेस गाण्याचा घाट म्हणतात. तो कोणाच्या तरी गरजेतून आणि कोणाच्या तरी विचारातून घडलेला असतो.

अलीकडे गाणे रचण्याच्या कामी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने हाताशी आली आहेत. २०२३ आणि २०२४ या वर्षांत ‘सुनो’ व ‘यूडिओ’ ही साधने सर्वांस खुली झाली. ‘पावसावर एक आनंदी गाणे हवे’ एवढे वाक्य लिहिले तरी शब्द, चाल, वाद्ये आणि गाणारा आवाज यांसह गाणे थोड्याच वेळात तयार होते. प्रथम ऐकताना कोणासही नवल वाटावे. परंतु अशी पाच-सात गाणी लागोपाठ ऐकली, की एक गोष्ट ध्यानात येते. शब्द निराळे असले तरी घाट बहुधा एकच असतो : कडवे, पालुपद, कडवे, पालुपद, मध्ये जराशी वेगळी चाल आणि शेवटी पुन्हा पालुपद. यात यंत्रास दोष देण्याचे कारण नाही. ते असंख्य गाण्यांवरून शिकलेले असते. वेगळे काही सांगितले नाही, तर जे पुष्कळदा आढळले त्याकडेच ते झुकते.

वेगळे सांगण्याची सोयही आहे. शब्द स्वतः लिहून प्रत्येक भागाच्या माथ्यावर चौकोनी कंसात त्या भागाचे नाव दिले, की यंत्र बहुधा त्या बेताने चालते. ‘बहुधा’ म्हणण्याचे कारण असे, की कधी कधी ते सांगितलेले विसरते आणि एकच पालुपद दोनदा गाऊन मोकळे होते! तेव्हा घाट यंत्रावर सोपवावा, की आपण ठरवावा, एवढाच प्रश्न उरतो. त्याचे उत्तर शोधताना एका प्रसिद्ध गाण्याची हकिकत उपयोगी पडेल.

इंग्लंडमधील ‘बीटल्स’ या गायक-वादकांच्या मेळ्यात जॉन लेनन, पॉल मॅकार्टनी, जॉर्ज हॅरिसन आणि रिंगो स्टार असे चौघे होते. १९७० साली हा मेळा फुटला. पुढे काही वर्षांनी लेनन यांनी न्यूयॉर्क येथील आपल्या घरी पियानो वाजवीत ‘नाऊ अँड देन’ हे अपुरे गाणे साध्या कॅसेटवर मुद्रित करून ठेवले. १९८० साली त्यांची हत्या झाली. १९९४ साली त्यांच्या पत्नी योको ओनो यांनी ती फीत मॅकार्टनी यांच्या स्वाधीन केली. उरलेल्या तिघांनी १९९५ साली ते गाणे पुरे करण्याचा यत्न केला. पण फितीवर पियानोचा नाद आवाजावर चढलेला, त्यात घरघर. म्हणून त्यांनी ते काम सोडून दिले. २००१ साली हॅरिसनही गेले. त्यानंतर चित्रपट-दिग्दर्शक पीटर जॅक्सन यांच्या सहकाऱ्यांनी एकत्र मिसळलेले ध्वनी वेगवेगळे करणारे कृत्रिम बुद्धिमत्तेचे साधन तयार केले. त्याच्या साहाय्याने लेनन यांचा आवाज पियानोपासून सोडवून स्वच्छ करण्यात आला आणि २ नोव्हेंबर २०२३ रोजी ते गाणे प्रसिद्ध झाले.

आवाज सोडविला, तेथे यंत्राचे काम संपले. कठीण प्रश्न पुढेच होता. मूळ फितीत कडवे आणि पालुपद यांच्या मध्ये एक लहानसा भाग आहे. तेथे चाल निराळेच वळण घेते आणि शब्दही पुरते जुळून आलेले नाहीत. तो ठेवावा, की गाळावा? तो गाळण्यात आला. हॅरिसन यांचे १९९५ सालचे गिटारवादन राखले. मॅकार्टनी यांनी त्यांच्याच धर्तीवर एके ठिकाणी गिटार वाजविली. व्हायोलिनादी तंतुवाद्यांची साथ जोडली. गाणे आटोपशीर झाले, यात शंका नाही. तरीही कित्येक रसिकांना तो गाळलेला भाग हवा होता. गाण्याची सारी व्याकुळता त्यातच होती, असे त्यांना वाटते.

दिवंगत मित्राच्या गाण्यास कात्री लावणे ही लहानसहान गोष्ट नव्हे. तो निर्णय चुकलाही असेल. परंतु ज्यांनी तो घेतला, त्यांना ‘असे का केलेत?’ म्हणून विचारता येते. ते लेनन यांच्या शेजारी उभे राहून वर्षानुवर्षे गायले होते. आवाज आणि पियानो वेगळे करणाऱ्या यंत्रास हा प्रश्न विचारून काय उपयोग?

कोणी म्हणेल, ते जगप्रसिद्ध संगीतकार. शाळेतील मुलास घाटाचे काय कळणार? हा आक्षेप टिकणारा नाही. ज्या मुलाने भजनात टाळी धरली आहे, त्याला पालुपद केव्हा येणार ते आधीच कळते. गाणे कोठे लांबले आणि कंटाळा कोठे आला, हेही त्याला कोणी शिकवावे लागत नाही. कागदावर भागांची नावे लिहून, ते गाणे टाळीवर दोनदा म्हणून पाहिले, तर पुष्कळ उलगडते. यंत्राकडे त्यानंतर वळावे.

समजा, एक मुलगी आपल्या आजीच्या गावाकडील घरावर गाणे रचीत आहे. दिवेलागणीस आजी अंगणातून मुलांना हाक मारीत असे. ती हाक हेच पालुपद. पहिल्या कडव्यात परसातील आंबा आहे, दुसऱ्यात सुट्टीतील खेळ. तिसऱ्या कडव्यात आजी शहरात राहावयास निघते आणि घरास कुलूप लावते. मोकळे सोडल्यास यंत्र येथेही पालुपद घालील. मुलीने ते खोडावे आणि कंसात लिहावे : केवळ बासरी, मग समाप्ती. कुलूप लागलेल्या त्या अंगणातून हाक मारावयास आता कोणी उरलेले नाही.