पाटीवरील पदव्या आणि रोग्याचें हित

वैद्याचें ज्ञान रोग्यास दिसत नाहीं. दिसते ती त्याच्या दारावरची पाटी. म्हणून पाटीवर काय लिहावें आणि काय लिहूं नये, हा प्रश्न केवळ वैद्यांचा नसून प्रत्येक कुटुंबाचा आहे. आमच्या शिरोड्यासारख्या गांवींहि कंबरदुखीनें बेजार झालेलीं वडील माणसें हल्लीं मोबाईलवरच्या जाहिराती पाहून 'मणक्यांचा विशेषज्ञ' शोधूं लागलीं आहेत.

ही चिंता नवी नाहीं. चरकाचार्यांनीं सूत्रस्थानांत 'रोगाभिसर' नांवाच्या वैद्यांचें वर्णन केलें आहे. कोणी आजारी असल्याचें कानीं येतांच हे त्याच्याभोंवतीं जमतात, आपले गुण मोठ्यानें सांगतात आणि दुसऱ्या वैद्याचे दोष काढतात. असे लोक राष्ट्रांत संचार करितात तो राजाचा प्रमाद, असेंहि आचार्य म्हणतात. सुश्रुतानें तर शास्त्र पढून व प्रत्यक्ष कर्माचा अभ्यास करूनहि राजाच्या अनुज्ञेनेंच व्यवसायांत शिरावें, असा दंडक घातला आहे.

आधुनिक काळीं ही राजाज्ञा म्हणजे नोंदणी होय. मुंबई इलाख्यांत १९१२ सालीं वैद्यकीय कायदा झाला. १९१६ च्या कायद्यानें खोटी पदवी लावणारास पहिल्या अपराधाबद्दल २५० रुपयांपर्यंत दंड ठरला. आज आधुनिक वैद्यकाच्या डॉक्टरांस २००२ चे आचारनियम लागू आहेत. त्यांप्रमाणें नांवापुढें मान्य पदव्याच लावाव्या. त्या शाखेची विशेष पदवी नसतां विशेषज्ञ म्हणवूं नये. पाटी अवाजवी मोठी नसावी. नोंदणीक्रमांक दवाखान्यांत, औषधाच्या चिठ्ठीवर आणि पैशांच्या पावतीवर असावा.

परंतु हे नियम बांधतात ते नोंदलेल्या डॉक्टरास. खरी अडचण येथेंच आहे. मणक्यांस हातांनीं झटका देऊन उपचार करण्याची 'कायरोप्रॅक्टिक' ही पद्धति १८९५ सालीं अमेरिकेंत पामर यांनीं काढली. तेथें प्रत्येक राज्याचें परवाना-मंडळ आहे, आणि कोणत्या प्रमाणपत्रावर विशेषज्ञ म्हणून जाहिरात करतां येते याचे नियम कित्येक राज्यांनीं केले आहेत. आपल्याकडे या पद्धतीसाठीं स्वतंत्र कायदा नाहीं. त्यामुळें थोड्या दिवसांच्या वर्गाचें प्रमाणपत्र भिंतीस लावून कोणी स्वतःस तज्ज्ञ म्हणवूं लागला, तर त्याची पारख कुटुंबानेंच करावी लागते.

आमच्या कोंकणांतील पिढीजात हाडवैद्यांची निंदा करण्याचा आमचा हेतु नाहीं. जो आपली विद्या वाडवडिलांची म्हणून सांगतो, तो निदान उसनी पदवी तरी मिरवीत नाहीं. दोष हाताच्या कसबाचा नसून खोट्या नांवाचा आहे. आणि हा दोष क्षुल्लक नव्हे. मानेस झटका दिल्यानें मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी फाटून पक्षाघात झाल्याचीं उदाहरणें वैद्यकांत नमूद आहेत. तीं विरळा असलीं, तरी ज्या घरीं असा प्रसंग ओढवेल त्या घरास विरळेपणाचें समाधान काय?

म्हणून घरांतील कर्त्या मंडळींनीं उपचारापूर्वीं तीन प्रश्न अवश्य विचारावे. पदवी कोणत्या विद्यापीठाची? नोंदणी कोणत्या परिषदेची, व क्रमांक काय? विशेषज्ञ म्हणवितां, तें कोणत्या परीक्षेच्या आधारें? सच्च्या वैद्यास या प्रश्नांचा राग येत नाहीं. ज्यास येतो, त्याच्या हातीं वडिलांची मान देऊं नये.