अवजड मालवाहतूक : एकूण वजनाइतकेच आसावरील वजन महत्त्वाचे

देशातील महामार्गांचे आयुष्य त्यांवरून किती वाहने धावतात यापेक्षा, त्या वाहनांचा भार रस्त्यावर कसा टेकतो यावर अधिक अवलंबून असते. मालमोटारीचे वजन म्हटले की सर्वसाधारणपणे भुईकाट्याच्या पावतीवरील एकच आकडा डोळ्यांसमोर येतो. कायदा मात्र दोन मर्यादा घालून देतो. एक मर्यादा वाहनाच्या एकूण भारित वजनाची, तर दुसरी प्रत्येक आसावरील, म्हणजे वाहतूकदारांच्या बोलीत एक्सलवरील वजनाची. यातील दुसरी मर्यादा आजही बऱ्याच अंशी दुर्लक्षित राहिली आहे.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या ५८ व्या कलमानुसार टायरांची संख्या, प्रकार आणि आकार विचारात घेऊन केंद्र सरकार या मर्यादा निश्चित करते. १६ जुलै २०१८ च्या अधिसूचनेने त्यांत मोठी वाढ करण्यात आली. दोन टायरांच्या पुढील आसाची मर्यादा ६ टनांवरून ७ टन, चार टायरांच्या एकेरी आसाची १०.२ टनांवरून ११.५ टन आणि जोड-आसाची १९ टनांवरून २१ टन झाली. परिणामी दोन आसांच्या मालमोटारीचे अनुज्ञेय वजन १६.२ टनांवरून १८.५ टनांवर गेले. वाहतुकीचा खर्च कमी व्हावा आणि प्रत्यक्षात सर्रास वाहिला जाणारा जादा भार नियमांच्या चौकटीत यावा, हा त्यामागील विचार होता.

या सवलतीची किंमत रस्त्याला मोजावी लागते. अमेरिकेतील इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० या काळात झालेल्या रस्ते-चाचणीतून असे दिसून आले, की रस्त्याची झीज आसावरील भाराच्या साधारणतः चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढते. भारतातील रस्त्यांच्या रचनेचे गणितही याच तत्त्वावर आधारलेले आहे. या हिशेबाने मागील आसाचा भार १०.२ टनांवरून ११.५ टनांवर गेला, तर वाढ १३ टक्क्यांचीच असते. परंतु त्या आसामुळे होणारी झीज सुमारे ६२ टक्क्यांनी वाढते. सहा टनांच्या आसपास रिकामे वजन असलेल्या मालमोटारीत माल मात्र पाव हिश्श्याहूनही कमीच वाढतो. म्हणजे खेपा कमी झाल्या तरी रस्त्याचे नुकसान पूर्णपणे भरून निघत नाही.

माल चुकीच्या पद्धतीने रचला गेल्यास हीच हानी वाढीव मर्यादेच्या आतही घडते. समजा, दोन आसांच्या एका मालमोटारीचे एकूण वजन १८ टन भरले. मर्यादा १८.५ टनांची असल्याने काट्यावर ती निर्दोष ठरते. परंतु माल मागे रचला गेल्याने पुढील आसावर ५ टन आणि मागील आसावर १३ टन भार आला, तर मागील आस मर्यादेपेक्षा दीड टनाने जड होतो. त्यामुळे होणारी झीज अनुज्ञेय भाराच्या तुलनेत सुमारे ६३ टक्के अधिक असते. शिवाय मागील टायर तापतात, पाट्यांवर ताण येतो आणि पुढील चाकांवरचा भार कमी झाल्याने वळणावर व ब्रेक दाबताना वाहनावरील ताबा कमी होतो.

यावरील उपाय मालाची फेरमांडणी हा आहे. दोन आसांमधील अंतर ४.८ मीटर असेल, तर ५० किलोची ६० पोती, म्हणजे ३ टन माल, २.४ मीटर पुढे सरकवल्यास नेमका दीड टन भार मागून पुढे जातो. पुढे ६.५ टन आणि मागे ११.५ टन अशी विभागणी होऊन वाहन दोन्ही अर्थांनी नियमात बसते. एक किलोही माल उतरवावा लागत नाही. परंतु त्यासाठी प्रत्येक आसाचे वजन ठाऊक असले पाहिजे आणि तेही माल भरतानाच.

दंडाच्या तरतुदी आता पुरेशा कठोर आहेत. १ सप्टेंबर २०१९ पासून जादा भारासाठी २० हजार रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे २ हजार रुपये दंड आकारण्याची तरतूद लागू झाली. पूर्वी हेच आकडे अनुक्रमे २ हजार आणि १ हजार होते. वजन करून देण्यास नकार दिल्यास ४० हजार रुपये दंडाची तरतूद आहे. केवळ दंड भरून जादा मालासह वाहन पुढे नेता येणार नाही, तो माल उतरवावाच लागेल, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २००५ मध्येच दिला होता.

तरीही कारवाईचा रोख बहुधा चालकावरच राहतो. माल किती भरायचा हे पाठवणारा आणि वाहनमालक ठरवतात, तो कसा रचायचा हे गोदामात ठरते. रस्त्यावर अडवला जातो तो मात्र चालक. वास्तविक कायद्याचे १९४ वे कलम वाहन चालवणाऱ्याबरोबरच ते तसे चालवण्यास लावणाऱ्याला किंवा मुभा देणाऱ्यालाही जबाबदार धरते.

त्यामुळे खाणी, सिमेंट कारखाने, बंदरे आणि मोठी गोदामे येथेच आसनिहाय वजन करणारे काटे बसवणे आणि त्यांची पावती मालाच्या बिल्टीसोबत देणे, हा अधिक परिणामकारक मार्ग ठरेल. पथकर नाक्यावर सापडलेला दोष दंड वसूल करून देतो. माल भरतानाच लक्षात आलेला दोष रस्ता, वाहन आणि चालक या तिघांनाही वाचवतो. २०१८ मध्ये वाढवलेली मर्यादा ही खऱ्या अर्थाने शेवटची सीमा ठरायची असेल, तर मोजमापाची ही व्यवस्था महामार्गाच्या अगोदर सुरू व्हायला हवी.