पडद्यामागच्या कमाईला हवा कागदाचा आधार

मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर जानेवारी २०२३ पासून भरू लागलेला ‘लोलापालूझा’ महोत्सव असो किंवा जानेवारी २०२५ मध्ये नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर झालेल्या ‘कोल्डप्ले’च्या मैफली, जाहीर कार्यक्रमांच्या व्यवसायाची उलाढाल आता सर्वांच्याच डोळ्यांत भरू लागली आहे. गणेशोत्सव, नवरात्र, नाट्यप्रयोग आणि लग्नसराई यांचा हंगाम तर पूर्वापार चालत आलेला. या सर्व ठिकाणी ध्वनिव्यवस्था सांभाळणारे, प्रकाशयोजना उभारणारे आणि उंच लोखंडी सांगाड्यावर चढून दिवे टांगणारे अनेक तंत्रज्ञ मात्र कोणाचेही पगारी नोकर नसतात. कार्यक्रमागणिक किंवा ‘नाइट’प्रमाणे मेहनताना, हाच त्यांचा रिवाज. या क्षेत्रात नव्याने येणाऱ्या तरुणांना मिक्सर आणि दिव्यांचे तंत्र चटकन आत्मसात होते. कर आणि विमा या दोन गोष्टी मात्र ‘पुढे बघू’ म्हणून मागे राहतात. या दोहोंचा परस्परांशी किती निकटचा संबंध आहे, हे अनेकदा अपघात झाल्यावरच उमगते.

नोकरदाराला भविष्य निर्वाह निधी, कर्मचारी राज्य विमा योजना आणि कामावरील अपघाताची भरपाई यांचे संरक्षण मालक-कामगार या नात्यातून मिळते. मुक्त व्यावसायिकाच्या बाबतीत हे नातेच नसल्याने ते संरक्षणही आपोआप मिळत नाही. राज्यातील नाट्यगृहे मार्च २०२० मध्ये बंद झाली, मध्यंतरी काही महिने निम्म्या क्षमतेने उघडली, पुन्हा बंद झाली आणि २२ ऑक्टोबर २०२१ रोजी पुन्हा सुरू झाली. त्या काळात पडद्यामागच्या कामगारांची जी परवड झाली, तिचे मूळ याच व्यवस्थेत होते.

कापलेला कर परत मिळतो, पण...

आयोजक कंपनी मेहनताना देताना उगमस्थानी करकपात, म्हणजेच टीडीएस करते. हे पैसे ‘गेले’ असा सार्वत्रिक समज आहे. वस्तुस्थिती निराळी आहे. काम व्यावसायिक सेवा मानले गेल्यास कपात १० टक्के, तांत्रिक सेवा मानल्यास २ टक्के आणि कंत्राट मानल्यास व्यक्तीसाठी १ टक्का असते. वर्षाला सहा लाख रुपये मिळवणाऱ्या तंत्रज्ञाचे पहिल्या प्रकारात ६० हजार, तर तिसऱ्या प्रकारात अवघे सहा हजार रुपये कापले जातात. पॅन क्रमांक दिलेला नसेल वा तो आधारशी जोडलेला नसेल, तर कपातीचा दर २० टक्क्यांपर्यंत जातो. त्यामुळे बिलावर कामाचे स्वरूप नेमकेपणाने लिहिणे आणि झालेली कपात प्राप्तिकर खात्याच्या संकेतस्थळावर आपल्या नावे जमा दिसते की नाही, हे तपासणे अगत्याचे ठरते.

२०२५-२६ या आर्थिक वर्षापासून नव्या करप्रणालीत १२ लाख रुपयांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर, भांडवली नफ्यासारखे विशेष दराचे उत्पन्न वगळता, करसवलतीमुळे कर द्यावा लागत नाही. म्हणजेच वरील उदाहरणातील तंत्रज्ञाला कापलेली संपूर्ण रक्कम परत मिळू शकते. त्यासाठी अट एकच, विवरणपत्र भरण्याची. ते न भरणारा माणूस कर वाचवत नाही, तर स्वतःचेच पैसे सरकारकडे सोडून देतो.

लहान व्यावसायिकांना अनुमानित उत्पन्नाची सोयही आहे. व्यवसाय म्हणून नोंद केल्यास उलाढालीच्या किमान ८ टक्के, आणि बँकेमार्फत आलेल्या रकमेवर किमान ६ टक्के नफा दाखवता येतो. ठरावीक पेशांसाठी हे प्रमाण ५० टक्के आहे. आपले काम कोणत्या गटात मोडते, हे चार्टर्ड अकाउंटंटकडून एकदा ठरवून घ्यावे. मात्र येथेच एक मोह उभा राहतो. सहा लाखांच्या जमेवर सहा टक्क्यांच्या हिशेबाने केवळ ३६ हजारांचे वार्षिक उत्पन्न दाखवले जाते. वास्तविक हा किमान आकडा आहे. प्रत्यक्ष नफा अधिक असल्यास तोच दाखवणे अपेक्षित असते.

सेवांची वार्षिक उलाढाल २० लाखांपुढे गेल्यास जीएसटी नोंदणी करावी लागते. राज्याच्या व्यवसाय कराची कमाल मर्यादा घटनेनेच वर्षाला अडीच हजार रुपये ठरवली आहे.

कमी दाखवलेल्या उत्पन्नाची किंमत

वैयक्तिक अपघात विम्याची रक्कम सामान्यतः उत्पन्नाच्या प्रमाणात ठरते आणि उत्पन्नाचा पुरावा म्हणून विवरणपत्रच मागितले जाते. रस्ते अपघातांच्या दाव्यांतही हेच घडते. सर्वोच्च न्यायालयाच्या २००९ मधील सरला वर्मा निकालानुसार ३१ ते ३५ वयोगटातील मृतासाठी वार्षिक उत्पन्नाला १६ ने गुणले जाते. उत्पन्न महिना १० हजारांनी कमी सिद्ध झाल्यास वर्षाचा फरक एक लाख २० हजारांचा होतो आणि १६ पटीने तो १९ लाख २० हजारांवर जातो. दोन-तीन जण अवलंबून असतील, तर मृताच्या स्वतःच्या खर्चापोटी एक तृतीयांश वजा होते. तरीही कुटुंबाचे १२ लाख ८० हजारांचे नुकसान उरतेच. रात्रीचा प्रयोग आटोपून सामानाच्या टेम्पोतून परतणाऱ्यांसाठी हा हिशेब केवळ कागदी नाही. मालवाहू वाहनात बसलेल्या प्रवाशाची जबाबदारी, तो मालाचा मालक वा त्याचा अधिकृत प्रतिनिधी नसल्यास, विमा कंपनीवर सहसा येत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

आयोजकाने घेतलेला सार्वजनिक दायित्व विमा मुख्यतः प्रेक्षक आणि त्रयस्थांसाठी असतो. सांगाड्यावरून पडणाऱ्या तंत्रज्ञासाठी नव्हे. त्यामुळे आरोग्य विमा, वैयक्तिक अपघात विमा आणि अवलंबून असणारे कोणी असल्यास मुदत विमा, हा क्रम योग्य ठरतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य आणि आयुर्विमा पॉलिसींवर जीएसटी लागत नाही. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपयांत अपघाती मृत्यू वा पूर्ण अपंगत्वासाठी दोन लाखांचे संरक्षण मिळते. ती सुरुवात म्हणून ठीक, पुरेशी मात्र नव्हे. अपघात विमा घेताना तात्पुरत्या अपंगत्वाच्या काळात साप्ताहिक भरपाई मिळते का, हे अवश्य पाहावे, कारण हात मोडला की ‘नाइट’ही थांबते. अर्जात उंचीवरील आणि विजेचे काम स्पष्ट लिहावे. जोखमीच्या पेशाला हप्ता थोडा अधिक पडतो. पण ती माहिती दडवल्यास दावाच फेटाळला जाण्याचा धोका असतो. स्वतःची यंत्रसामग्री असल्यास तिचा विमा वेगळा, आणि तो वाहतुकीतही लागू आहे की नाही, हे विचारून घ्यावा.

१२ लाखांच्या आत असणाऱ्या तंत्रज्ञाला खरे उत्पन्न दाखवण्यासाठी आज प्राप्तिकराचा रुपयाही मोजावा लागत नाही. ते लपवण्याची किंमत मात्र त्याच्या कुटुंबाला मोजावी लागू शकते. प्रत्येक कामाचे बिल, बँकेतून येणारे मानधन आणि दरवर्षी मुदतीत भरलेले विवरणपत्र एवढी शिस्त पाळली, तरी यातला मोठा धोका टळू शकतो.