छंदाचे खाते वेगळे, पण उघडे

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ ही म्हण आपल्या जिल्ह्यात अभिमानाने म्हटली जाते आणि थोड्या थट्टेनेही. मोटोक्रॉसच्या बाबतीत मात्र दोन्ही ठिकाणांत मोठे अंतर आहे. जर्मनीतील हौशी स्वाराला आपल्या भागातच या खेळाचे क्लब सापडतात. परभणीच्या तरुणाला स्पर्धेत उतरायचे तर शनिवारी दुपारी दुकान वडिलांच्या हवाली करून पुण्याची किंवा नाशिकची वाट धरावी लागते. या एका वाक्यात वडील येतात, दुकान येते आणि शनिवार-रविवारही येतो. म्हणूनच हा प्रश्न त्या तरुणापुरता न राहता सगळ्या घराचा होतो.

मोटोक्रॉस म्हणजे मातीच्या चढउतारांच्या बंदिस्त मार्गावर धावणारी मोटारसायकलींची शर्यत. तिचा उगम इंग्लंडमधील कॅम्बरली येथे १९२४ साली झालेल्या शर्यतीत मानला जातो. जागतिक अजिंक्यपद स्पर्धेला १९५७ साली आरंभ झाला. याच खेळाचे मैदानावर बांधलेल्या मार्गावरचे रूप म्हणजे सुपरक्रॉस. इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिली फेरी २८ जानेवारी २०२४ रोजी पुण्याच्या बालेवाडी क्रीडा संकुलात झाली. त्याच महिन्यात केरळच्या हरिथ नोहा यांनी डकार रॅलीत ‘रॅली-२’ गटाचे विजेतेपद मिळवले. अशा बातम्या वाचून सेलू, मानवत किंवा जिंतूर येथील व्यापारी घरातील तिशीच्या तरुणाच्या मनात उमेद जागली, तर त्यात नवल काही नाही.

त्या तरुणाचा आठवडा नजरेसमोर आणावा. दिवाळीच्या सुमारास कापूस आणि सोयाबीनची आवक वाढते आणि पाठोपाठ तूर येते. बाजारपेठेतील कमाईचे दिवस ते हेच. माती वाळून सरावाला योग्य होते तीही याच काळात. उन्हाळ्यात परभणीचे ऊन असे की सकाळी नऊनंतर जाड पोशाख आणि शिरस्त्राण अंगावर ठेवणे कठीण होते. पावसाळ्यात काळी माती चाकांना लिंपून बसते. शिवाय चातुर्मासात जीवजंतू वाढलेले असतात, त्यामुळे रानात गाडी घालणे घरातील वडीलधाऱ्यांच्या मनाला पटत नाही. पहाटे सराव करून दुकान उघडण्यापूर्वी परतायचे आणि सूर्यास्तापूर्वी घरच्या पंगतीला हजर राहायचे, या दोन मर्यादांच्या मधेच छंदाची जागा शोधावी लागते. सराव करायचा तो जमीनमालकाच्या परवानगीने, पीक आणि वस्ती यांपासून दूर, मुरमाड जागेवर. सार्वजनिक रस्त्यावर विनापरवाना शर्यत लावणे हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ अन्वये दंडनीय अपराध आहे.

आता खर्चाकडे पाहू. खास मोटोक्रॉससाठी बनविलेल्या गाडीला दिवे नसतात आणि रस्त्यासाठी तिची नोंदणीही होत नाही. साहजिकच तिला नोंदणीपुस्तक नाही, आणि पुस्तकच नसल्यामुळे वाहनकर्जाचा बोजा नोंदवायला जागा नाही. परदेशी बनावटीची नवी गाडी कित्येक लाखांच्या घरात जाते. शिवाय या गाडीचे आयुष्य किलोमीटरांवर मोजत नाहीत, इंजिन किती तास चालले यावर मोजतात. तेल, पिस्टन, साखळी, टायर या सर्वांचा हिशेब तासांवर चालतो. घसारा म्हणजे काय हे व्यापाऱ्याला वेगळे सांगण्याची गरज नाही. उभी गाडी फारसे खात नाही, पण चालणारी गाडी प्रत्येक तासाला खाते. नोंदणी झालेल्या गावठी गाडीवर सुरुवात करणे हा त्यातल्या त्यात शहाणपणाचा मार्ग. पण रस्त्यासाठी घेतलेल्या वाहन विम्यातून शर्यतीचा वापर सहसा वगळलेला असतो, हे लक्षात ठेवावे.

दुकानाच्या वहीत हा खर्च दुरुस्ती किंवा वाहतूक म्हणून घुसवण्याचा मोह होतो. तो टाळणेच हिताचे. वैयक्तिक छंद हा धंद्याचा खर्च ठरत नाही. भागीदारीच्या पेढीत तर भावाभावांत कटुता यायला अशी एक नोंदही पुरेशी असते. छंदाची रक्कम स्वतःच्या उचल खात्यातून घ्यावी, वर्षाच्या आरंभी तिची मर्यादा ठरवावी आणि ती पत्नीलाही माहीत असावी.

याहून नाजूक प्रश्न शरीराचा आहे. भारतातर्फे डकार रॅली पूर्ण करणारे पहिले स्वार सी. एस. संतोष यांनी २०१५ साली ३६ वा क्रमांक मिळवला होता. जानेवारी २०२१ मध्ये सौदी अरेबियातील त्याच रॅलीत त्यांना डोक्याला गंभीर दुखापत झाली आणि उपचारांसाठी त्यांना औषधांनी बेशुद्धावस्थेत ठेवावे लागले. पुढे ते सावरले. इतक्या अनुभवी स्वारावर अशी वेळ येते, तर हौशी स्वाराने ‘मला काही होत नाही’ असे म्हणणे हा निव्वळ प्रमाद होय.

म्हणून विम्याचे कागद नीट वाचावेत. आरोग्य विम्याच्या प्रमाणित अपवादांत साहसी खेळांत ‘व्यावसायिक’ म्हणून भाग घेताना झालेली दुखापत वगळलेली असते, आणि मोटार शर्यतीचा तेथे स्पष्ट उल्लेख आहे. हौशी स्वाराने आपण या शब्दाच्या आत येतो की बाहेर, याचा खुलासा कंपनीकडून लेखी घ्यावा. वैयक्तिक अपघात विम्याच्या अटी याहून कडक असू शकतात. जीवन विम्याच्या प्रस्तावात धोक्याच्या छंदाबद्दल विचारले जाते. तेथे हप्ता वाचवण्यासाठी ‘नाही’ लिहिले आणि पहिल्या तीन वर्षांत ते उघड झाले, तर विमा कायद्याच्या कलम ४५ अन्वये दावा नाकारला जाऊ शकतो. एका खोट्या शब्दाची किंमत मग पत्नी आणि मुले मोजतात.

आणि पत्नीच्या रविवाराचे काय? पती सरावाला गेला की मुलांचा अभ्यास, सासूबाईंची औषधे आणि आलेले पाहुणे हे सारे तिच्या वाट्याला येते, आणि मनात फोनची धास्ती असतेच. ‘तिची काही हरकत नसते’ असे पुष्कळ पुरुष सांगतात. हरकत नसणे आणि संमती असणे यांत फरक आहे. महिन्यातले दोन रविवार त्याचे असतील, तर एक रविवार पूर्णपणे तिचा असावा, आणि त्या दिवशी घर त्याने सांभाळावे. सराव संपताच ‘निघालो’ आणि गावाच्या वेशीवर ‘पोहोचलो’ असे दोन फोन करावेत. त्यांना पैसे पडत नाहीत, पण घरातला अर्धा ताण त्यांनी उतरतो.

वडिलांनीही एक गोष्ट ध्यानात घ्यावी. बंदी घातलेला छंद सुटतोच असे नाही, पुष्कळदा तो चोरून चालू राहतो. चोरून जाणारा मुलगा शिरस्त्राण आणि छातीचे कवच घरी आणू शकत नाही, आणि पडला तर दुखणे लपवतो. त्यापेक्षा मान्यताप्राप्त प्रशिक्षण, राष्ट्रीय महासंघाचा स्पर्धा परवाना आणि सोबतीला एक जाणता माणूस, या तीन अटींवर दिलेली परवानगी अधिक सुरक्षित.

व्यापारी घराला जोखीम नवी नाही. तुरीचा साठा करतानाही जोखीम असतेच. फरक इतकाच, की ती वहीत लिहिलेली असते आणि घरातल्या चार माणसांना ठाऊक असते. छंदाच्या जोखमीचीही अशीच नोंद ठेवली, तर रविवारी सकाळी मातीने माखून परतलेल्या मुलाला दारात रागावण्याऐवजी आई आधी पाण्याचा तांब्या पुढे करील.