थांबून तपासण्याचा वेळ हा कामाचाच वेळ : दाबाखालील वायू आणि हायड्रोजन विहिरींच्या देखभालीबाबत मागणीपत्र

प्रति,
१) पेट्रोलियम आणि नैसर्गिक वायू मंत्रालय
२) खाण सुरक्षा महासंचालनालय
३) तेल उद्योग सुरक्षा संचालनालय
४) विहिरी चालवणाऱ्या सर्व कंपन्या व त्यांचे ठेकेदार

विषय : विहिरींच्या दुरुस्तीदरम्यान होणारी वायुगळती रोखणे.

महोदय,

वायूच्या विहिरींची दुरुस्ती करणाऱ्या कायम आणि कंत्राटी कामगारांची ही संघटना आहे. आमचे काही सभासद मुंबई हायच्या प्लॅटफॉर्मवर जातात, काही गुजरात आणि आसाममधल्या वर्कओव्हर रिगवर. विहीर चालू असताना तिच्या तोंडावरचा व्हॉल्व्हचा संच, म्हणजे ख्रिसमस ट्री, आतला दाब अडवून धरतो. दुरुस्तीसाठी तो उतरवून बीओपी (ब्लोआउट प्रिव्हेंटर), म्हणजे विहीर उसळू लागली तर तिचे तोंड बंद करणारे यंत्र, बसवावा लागतो. काम संपले की बीओपी काढून ट्री पुन्हा चढवावी लागते. या दोन अदलाबदलींच्या वेळी वर काहीच नसते. आतला मडचा, म्हणजे जड द्रवाचा स्तंभ, प्लग किंवा सिमेंट यांच्याच भरवशावर माणसे विहिरीच्या तोंडाशी उभी असतात.

२७ मे २०२० रोजी आसामच्या तिनसुकिया जिल्ह्यात, ऑइल इंडियाच्या बागजान येथील पाच क्रमांकाच्या विहिरीवर याच टप्प्यावर घात झाला. बीओपी काढला जात असताना विहीर उसळली. ९ जूनला तिने पेट घेतला आणि कंपनीचे दोन अग्निशमन कर्मचारी मृत्युमुखी पडले. शेजारच्या मागुरी-मोटापुंग पाणथळीला झळ पोहोचली, हजारो गावकऱ्यांना घरदार सोडून छावण्यांत राहावे लागले. विहीर बंद करता आली ती नोव्हेंबरमध्ये. तपासून खात्री केलेला दुसरा अडथळा नसताना बीओपी काढणे किती गंभीर आहे, याची जाण कमी पडली, यावर राष्ट्रीय हरित लवादाने नेमलेल्या समितीने बोट ठेवले.

आता हायड्रोजन येतो आहे. केंद्राने जानेवारी २०२३ मध्ये राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानाला मंजुरी दिली. २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन उत्पादनाचे लक्ष्य आहे. एवढा वायू साठवण्याचा एक मार्ग जमिनीखालून जातो. ब्रिटनमध्ये टीसाइड येथे १९७२ पासून आणि टेक्सासमध्ये १९८३ पासून मिठाच्या थरांत कोरलेल्या पोकळ्यांत हायड्रोजन दाबाखाली ठेवला जातो. काही ठिकाणी तो जमिनीतून आपोआपही येतो. आफ्रिकेतल्या माली देशात, बुराकेबुगू गावी, १९८७ मध्ये पाण्यासाठी खोदलेल्या विंधन विहिरीतून वारा येऊ लागला. सिगारेट ओढत तिथे डोकावलेला माणूस भाजला. तो वायू सुमारे ९८ टक्के हायड्रोजन असल्याचे पुढे कळले. आपल्याकडे अशा विहिरी उभ्या राहण्याआधीच त्यांच्या देखभालीचे नियम ठरावेत. अपघातानंतर नियम करण्याची किंमत बागजानने मोजली आहे.

आमच्या मागण्या पुढीलप्रमाणे :

१. तपासलेले दोन अडथळे असल्याशिवाय विहिरीचे तोंड उघडू नये. ज्यावर दाब देऊन पाहिलेले नाही, तो अडथळा मोजणीत धरू नये. बीओपी किंवा ट्री उतरवण्यापूर्वी दोन्ही चाचण्यांचे आलेख विहिरीवर हजर असावेत आणि त्यांवर ड्रिलर, ठेकेदाराचा अधिकारी व कंपनीचा अधिकारी अशा तिघांच्या सह्या असाव्यात.

२. बंद व्हॉल्व्हवर डोळे झाकून विश्वास ठेवू नये. एकामागचे एक दोन व्हॉल्व्ह बंद करायचे, मधल्या जागेतला वायू सुरक्षित ठिकाणी सोडायचा, ती वाट बंद करायची आणि दाबमापकाकडे पाहत थांबायचे. शून्यावर आलेला काटा पुन्हा चढू लागला, तर आतला व्हॉल्व्ह गळतो आहे. किती मिनिटे थांबायचे हे कामाच्या आराखड्यात आधीच लिहिलेले असावे. ते रिगवरच्या घाईवर सोडू नये. हायड्रोजन विहिरीत नुसती पाण्याच्या दाबाची चाचणी पुरेशी धरू नये. पाणी अडवणारा सांधा हायड्रोजनचा सूक्ष्म रेणू अडवेलच असे नाही. नायट्रोजनमध्ये थोडा हेलियम मिसळून सांधे तपासावेत.

३. हायड्रोजन ओळखणारीच उपकरणे द्यावीत. मिथेनसाठी बसवलेले इन्फ्रारेड डिटेक्टर हायड्रोजन पकडत नाहीत, कारण तो वायू त्या किरणांना दाद देत नाही. कार्बन डायऑक्साइडच्या खुणेवर चालणारे ज्योत-संवेदकही निकामी ठरतात, कारण हायड्रोजन जळताना कार्बन डायऑक्साइड तयारच होत नाही. या वायूला रंग नाही, वास नाही आणि त्याची ज्योत दिवसाउजेडी जवळपास दिसत नाही. हवेत ४ ते ७५ टक्के प्रमाणात तो पेट घेतो. मिथेनची मर्यादा ५ ते १५ टक्के आहे. मिथेनला लागते त्याच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी ऊर्जेची ठिणगी त्याला पुरते. म्हणून विजेची उपकरणे हायड्रोजनच्या गटासाठी प्रमाणित असावीत आणि कामगारांना स्थिर वीज न साठवणारे कपडे व बूट मिळावेत.

४. उघडण्यापूर्वी आणि पुन्हा वायू भरण्यापूर्वी पाइप व वेलहेड, म्हणजे विहिरीच्या तोंडावरची जोडणी, नायट्रोजनने धुऊन घ्यावेत. नायट्रोजनही गुदमरवून मारतो. म्हणून ऑक्सिजन मोजल्याशिवाय वेलहेडखालच्या खड्ड्यात कोणालाही उतरवू नये.

५. हायड्रोजनमुळे पोलाद ठिसूळ होऊ शकते आणि दाब एकदम उतरवला तर रबरी सील फुगून फाटू शकतात. प्रत्येक व्हॉल्व्ह, बोल्ट आणि सील हायड्रोजनसाठी योग्य असल्याचा दाखला विहिरीवर असावा. काढलेली गॅस्केट पुन्हा बसवू नये.

६. दुरुस्तीच्या कामांची सगळी परमिटे एकाच ठिकाणी आणि कामगारांना वाचता येईल अशा भाषेत असावीत. ६ जुलै १९८८ रोजी उत्तर समुद्रातल्या पायपर अल्फा प्लॅटफॉर्मवर एका पंपाचा सुरक्षा व्हॉल्व्ह दुरुस्तीसाठी काढलेला होता. ही गोष्ट रात्रपाळीपर्यंत पोहोचली नाही, पंप चालू झाला, गळती होऊन स्फोट झाला आणि १६७ जण गेले. पाळी बदलताना दोन्ही पाळ्यांच्या प्रमुखांनी प्रत्यक्ष विहिरीपाशी उभे राहून, काय उघडे आहे आणि काय बंद आहे ते दाखवून ताबा द्यावा.

७. थांबण्याची किंमत कामगाराने मोजू नये. वरच्या सगळ्या मागण्या या एका मागणीवर उभ्या आहेत. सिमेंट घट्ट होईपर्यंत थांबणे, काटा पाहणे, सांधा पुन्हा तपासणे हे सगळे ठेक्यात कामाचे तास म्हणून धरले जावे, त्याचा पूर्ण दर मिळावा आणि त्यावर विलंबाचा दंड लागू नये. आज वेळ वाचवला तर ठेकेदाराचा फायदा होतो आणि जीव पणाला लागतो तो रिगवरच्या मजुराचा. शंका आली तर काम थांबवण्याचा लेखी अधिकार प्रत्येक कामगाराला, रोजंदारीवरच्यालाही, मिळावा. काम थांबवले म्हणून कोणाची हजेरी कापली जाऊ नये, कोणाचा गेटपास रद्द होऊ नये.

८. आसपासच्या गावांसाठी स्थलांतराचा आराखडा ग्रामसभेत मांडून त्याची रंगीत तालीम घ्यावी. प्रत्येक गळतीच्या चौकशीत कामगारांचा प्रतिनिधी असावा आणि अहवाल जाहीर व्हावा.

या मागण्यांवर मंत्रालयाने दोन्ही सुरक्षा यंत्रणा, कंपन्या, ठेकेदार आणि कामगार यांची संयुक्त बैठक बोलवावी. नियमांचा मसुदा करताना आमचे अनुभवी ड्रिलर आणि फिटर हवी ती मदत करतील. मागणी क्रमांक १ आणि ७ मात्र बैठकीची वाट पाहू शकत नाहीत. कंपन्या त्या आजच्या वायू विहिरींवर आजच लागू करू शकतात. दुसरा अडथळा तपासल्याची नोंद दाखवली नाही, तर आमचा सभासद बीओपीच्या बोल्टला पाना लावणार नाही, असा ठराव संघटनेने केला आहे आणि त्यासाठी कारवाई झालेल्या प्रत्येक सभासदामागे संघटना उभी राहील.

आपले,
संघटनेच्या कार्यकारिणीचे सदस्य