संक्षेप हवा, सत्त्वहरण नको

शाळेच्या एका वर्गात इयत्ता एक असली, तरी वाचनाच्या पायऱ्या अनेक असतात. 'असर'च्या २०२४ च्या पाहणीने हे पुन्हा आकड्यांनिशी दाखवून दिले. ग्रामीण भारतातील सरकारी शाळांत तिसरीच्या मुलांपैकी दुसरीचा उतारा वाचू शकणारी केवळ २३.४ टक्के निघाली. पाचवीतही हे प्रमाण ४४.८ टक्क्यांपुढे गेले नाही. अशा मुलांच्या हाती चारशे पानांची सागरकथा देणे म्हणजे पोहता न येणाऱ्यास भर समुद्रात लोटणे होय. अभिजात साहसकथांच्या वाचनपातळीनुसार आवृत्त्या काढाव्यात, ही मागणी म्हणूनच रास्त आहे.

मूळ कृतीला हात लावणे हा अपराध, असे मानणाऱ्यांशी आम्ही सहमत नाही. रूसोने १७६२ साली आपल्या 'एमिल'च्या हाती पहिले पुस्तक म्हणून 'रॉबिन्सन क्रूसो' दिले, तेही जहाज फुटल्यापासून सुटकेपर्यंतचेच. काम्पेने १७७९ साली ती कथा जर्मन मुलांसाठी नव्याने लिहिली. आपल्याकडे भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्न मराठी मुलांचा केला, तो शब्दाला शब्द लावून नव्हे.

प्रश्न आहे तो कात्री कोठे चालवावी हा. व्हर्नच्या सागरकथेत माशांच्या जातींच्या लांबलचक याद्या आहेत; त्या खुशाल गाळाव्यात. परंतु सिंहलद्वीपाजवळ कॅप्टन निमो एका गरीब हिंदी पाणबुड्याला शार्कच्या जबड्यातून वाचवतो, त्याच्या हाती मोत्यांची थैली ठेवतो आणि आपण दडपलेल्यांच्याच बाजूचे आहोत असे सांगतो, तो प्रसंग गाळला तर उरते केवळ पाणबुडीची मौज. हा निमो बुंदेलखंडचा राजपुत्र दक्कार, १८५७ च्या संग्रामात लढलेला, हे रहस्य व्हर्नने 'गूढ बेटा'च्या कथेत उलगडले. १८७५ च्या इंग्रजी भाषांतरात मात्र त्याच्या ब्रिटिशविरोधी उद्गारांची धार बोथट करण्यात आली. तेथे भाषा सोपी करण्याचा प्रश्नच नव्हता. राज्यकर्त्यांना टोचणारे सत्य तेवढे पुसले गेले. स्वतंत्र भारतातील मुलांच्या हातीही तोच बोथट निमो पडावा काय?

आमचे म्हणणे एवढेच: एकाच कथेच्या तीन आवृत्त्या निघाव्यात. पहिलीत छोटी वाक्ये, मोठा टाइप व चित्रे; दुसरीत मुख्य प्रसंग सविस्तर; तिसरीत जवळजवळ संपूर्ण कथा. निमो कोण आणि तो का झगडतो, हे मात्र तिन्हींत असावे. मुखपृष्ठावर 'संक्षिप्त' हा शब्द व संक्षेप करणाऱ्याचे नाव ठळक छापावे आणि शाळेच्या ग्रंथालयात संपूर्ण ग्रंथही ठेवावा. दुबळ्या वाचकाला सोप्या शब्दांची गरज असते, हलक्या विचारांची नव्हे. पायरी ठेंगणी करावी. पण ती वरच्या मजल्यावर नेणारी असली पाहिजे.