हसण्याआधी

मैत्रिणींनो,

कर्जतच्या एका युवा शिबिरात आम्ही ‘कोनोसुबा’ ही २०१६ची जपानी विनोदी कार्टून मालिका पाहिली. ट्रॅक्टरला ट्रक समजून घाबरून मेलेला काझुमा दुसऱ्या जगात पोचतो. त्यावर सगळेच हसलो. पुढे चोरीची विद्या शिकवणाऱ्या मुलीचीच चड्डी तो त्या विद्येने पळवतो. मुलगे खो खो हसले. त्यांच्याकडे बघून मुलीही हसल्या. खालापूरची एक मात्र गप्प होती. म्हणाली, “खोपोलीहून येताना माझी ओढणी ओढणारेही असंच हसतात.”

मालिका बंद करा, असं ती म्हणाली नाही. मीही म्हणत नाही. पण ‘तुला विनोदच कळत नाही’ हे ऐकावं लागू नये, म्हणून आपण किती वेळा हसलो? गटागटांत यावर बोलूया.